पुस्तक पारखायचं ते गजकर्णाच्या पानावर

अंगाला खाज सुटते, चट्टा उठतो, तेव्हा माणूस त्वचारोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. बरेचदा त्याच्याही आधी मेडिकलवाल्याकडे. त्यामुळे साध्या दवाखान्यातही त्वचारोगांचं एखादं सचित्र पुस्तक हाताशी हवंच. 'रूक'चा त्वचारोगांवरचा अनेक खंडांचा ग्रंथ तज्ज्ञांसाठी उत्तम, पण पेशंट समोर बसलेला असताना तो चाळायला सवड कुठली?

पुस्तक विकत घेण्याआधी त्यातलं गजकर्णाचं पान उघडावं. फोटो कुणाच्या त्वचेचे आहेत? गोऱ्या अंगावर दाह लालभडक दिसतो. सावळ्या अंगावर तोच जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळसर दिसतो. परदेशी पुस्तकांतले लाल चट्टे पाहून नजर तयार झालेला डॉक्टर इथे चकू शकतो. ही उणीव तिकडेही जाणवली आहे. लंडनमध्ये मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने २०२० मध्ये शिक्षकांच्या मदतीने 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती काळ्या-सावळ्या त्वचेवरची लक्षणं दाखवण्यासाठीच. आपल्याकडे भारतीय डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तकं आहेत. माझ्या मते पहिली पसंती त्यांनाच द्यावी.

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. स्टिरॉइडचं मलम लावून बिघडलेलं गजकर्ण त्यात दाखवलंय का? कडा उठलेलं, मधून निवळलेलं वर्तुळ कुणीही ओळखेल. पण 'लावलं की बरं वाटतं, सोडलं की परत येतं' असं सांगणाऱ्या पेशंटच्या जांघेत ते वर्तुळ उरलेलंच नसतं. स्टिरॉइड दाह दाबतं, खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरत राहते. कडा पुसट होते, वर्तुळात वर्तुळं उठतात, कातडी पातळ होऊन पांढरट चरे पडतात. २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी असे पेशंट येतातच. शिवाय टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाला दाद न देणारी बुरशी आता भारतात पसरली आहे, तेव्हा जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

मलम किती लावायचं, हेही पुस्तकाने सांगायला हवं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं पिळलेलं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं.

रोगांची मांडणी नावांपेक्षा दिसण्यावरून असावी. पोराच्या गालावर फिकट डाग दिसला की घरचे म्हणतात, 'जंत झालेत.' डॉक्टरला मात्र शिबं, कोड, साधा कोरडेपणा आणि कुष्ठरोग हे सगळे एकाच पानावर शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. तिथेच डागावर कापसाचं टोक टेकवून संवेदना कशी तपासायची, कोपरामागची जाड झालेली नस कशी चाचपायची आणि पेशंटला पुढे कधी पाठवायचं, हेही हवं.