कुत्रा चावल्यास काय करावे?

दिघ्यासारख्या दाट वस्तीत मुले गल्लीतच खेळतात आणि कुत्रीही तेथेच असतात. म्हणून रेबीजची माहिती घरोघरी हवी.

रेबीज हा विषाणूजन्य रोग होय. बाधित जनावराच्या लाळेतून विषाणू जखमेत शिरतो व मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा १ ते ३ महिने लागतात. तेवढाच अवधी आपल्या हाती असतो. पाण्याची भीती वाटू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरची लावू नये. गंडेदोऱ्यांत वेळ दवडू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शासकीय रुग्णालयात लस मोफत मिळते.

पोटातील १४ इंजेक्शनांची धास्ती अनेकांच्या मनात अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. रक्त आले असल्यास जखमेतही इंजेक्शन देतात. सर्व मात्रा पूर्ण कराव्यात.

मार बसेल या भीतीने मुले ओरखडाही लपवतात. त्यांना रागावू नका. त्यांनी सांगितले, तरच ती वाचतील.