बाप्तिस्म्यानंतरचे परिवर्तन : टिळक दांपत्याच्या श्रद्धाप्रवासाच्या संदर्भात

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा परिचय आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा दोन वाक्यांत आटोपला जातो : ते 'फुलामुलांचे कवी' होते आणि १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या दुसऱ्या वाक्यामुळे असा समज होतो, की श्रद्धेतील परिवर्तन ही एका दिवसाची घटना असून त्यानंतर उरते ते केवळ आचरण. ख्रिस्ती धर्मविचाराला ही कल्पना मान्य नाही, आणि टिळकांच्या चरित्रालाही ती मानवत नाही. प्रस्तुत लेखात बाप्तिस्म्यानंतरच्या परिवर्तनाचा विचार करावयाचा आहे.

संकल्पनेचे स्वरूप

नव्या करारातील ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हा शब्द योजिला जातो, तो 'मेटानोइआ' होय. त्याचा धात्वर्थ मन पालटणे, विचाराची दिशा बदलणे असा आहे. 'पश्चात्ताप' या शब्दात झाल्या गोष्टीचे दुःख अधिक आणि पुढच्या वळणाचा बोध कमी, हे लक्षात घ्यावयास हवे. निकदेमाला येशूने सांगितलेला नवा जन्म हा या परिवर्तनाचा आरंभ मानला, तर धर्मशास्त्रात ज्याला 'पवित्रीकरण' म्हणतात ती आयुष्यभर चालणारी प्रक्रिया हा त्याचा विस्तार ठरतो.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातील पेत्राची कथा या दृष्टीने बोलकी आहे. पेत्र हा येशूचा आद्य शिष्य, मंडळीचा पुढारी. तरीही यापो येथे झालेल्या दर्शनात त्याला शुद्ध-अशुद्ध अन्नाविषयीचा आपला पिढीजात समज सोडावा लागतो, आणि मगच तो कर्नेल्य या परजातीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी पाऊल टाकू शकतो. म्हणजे बदलण्याची पाळी ज्याने विश्वास धरला नाही त्याच्यावर नव्हे, तर ज्याने कधीच धरला आहे त्याच्यावर येते.

पंडिता रमाबाईंनी तर स्वतःविषयी हे स्पष्टपणे नोंदवून ठेवले आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्याला त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र पुढे कित्येक वर्षांनी भेटला, असा त्यांच्या १९०७ मधील आत्मनिवेदनाचा आशय आहे. रमाबाईंएवढ्या विदुषीने असे म्हणावे, याचे महत्त्व कमी नाही.

टिळकांचे दुसरे वळण

टिळकांचा जन्म कोकणातील करजगावचा. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यापूर्वीच ते प्रचलित धर्मांविषयी असमाधानी होऊन एका नव्या धर्माची तत्त्वे मनाशी जुळवू लागले होते. डोंगरावरील प्रवचनात त्यांना ती तत्त्वे आयती भेटली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही त्यांच्या आग्रहानुसार भारतीय पाळकाच्या हातून.

यानंतर अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांची अनेक वर्षे गेली. अध्यापन, कीर्तने आणि 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन हे त्यांचे कार्य सर्वज्ञात आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो त्यांच्या मनातील हळूहळू झालेला पालट. परकी चाली आणि परक्या उपासनापद्धती यांत मराठी ख्रिस्ती माणूस अवघडून बसला आहे, हे त्यांना जाणवू लागले आणि ते संतांच्या अभंगाकडे वळले. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या वाटेने, अशी त्यांची भावना होती. धर्मांतर करताना मागे टाकलेले सर्वच टाकाऊ नव्हते, ही कबुली देण्यासही एक प्रकारचे मनःपरिवर्तनच लागते. नव्या श्रद्धेच्या पहिल्या आवेशात ते सहसा घडत नाही.

१९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ज्या विधीसाठी त्यांनी स्वतः घरदार आणि जात गमावली, तो विधी इतरांसाठी अट असू नये असे त्यांनी ठरविले, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत धाडसी पाऊल वाटते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराचा मोठा संप्रदाय होऊ शकला नाही.

येथे आपल्या परिसरातील एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. टिळकांचा बाप्तिस्मा झाला त्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोदे येथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. गीतेचे भाष्यकार विनोबा नव्या करारातून वेचे निवडून 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करतात आणि तरीही धर्म बदलत नाहीत. विनोबांना दरबारी म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण अशा वाचकासाठी दार उघडे असावे, ही टिळकांची इच्छा अनाठायी नव्हती, एवढे म्हणता येते.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन

परिवर्तनाचा स्वीकार हा शब्दप्रयोग ऐकावयास गोड लागतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मात्र प्रथम स्वीकाराचा प्रश्नच नव्हता. पतीने केलेला बदल त्यांच्यावर कोसळला होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे पतीवियोगात काढली. एकाच्या आध्यात्मिक उन्नतीची किंमत दुसऱ्याने मोजावी काय, हा प्रश्न टिळकांविषयीच्या कितीही आदराने पुसला जात नाही.

पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, त्या स्वतःच्या अटीवर. त्यांचे पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांनी ही अट मान्य केली आणि बाप्तिस्म्याची घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले ते कोणाच्या उपदेशाने नव्हे. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी सांगितल्याप्रमाणे, विचार करता करता त्यांना उमगले की देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी. त्यानंतर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्याच्यानंतरचा, १९०० सालचा. यापोच्या धाब्यावर पेत्राला जे दिसले, ते या बाईंना आपल्या स्वयंपाकघरात दिसले. फरक इतकाच, की पेत्र शिष्य झाल्यावर बदलला आणि लक्ष्मीबाई बदलल्यावर शिष्या झाल्या. पतीचा क्रम बुद्धीकडून आचाराकडे, तर पत्नीचा आचाराकडून श्रद्धेकडे. म्हणूनच एकाच्या अनुभवाचे माप दुसऱ्याला लावणे चुकीचे ठरते.

फारसे शालेय शिक्षण नसलेल्या या स्त्रीकडे पतीच्या मृत्यूनंतर एक अपुरे काम आले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' टिळकांनी १९०९ मध्ये आरंभिले होते. मराठीत ओवीतून ख्रिस्तकथा सांगण्याची परंपरा गोमंतकात १६१६ साली छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'इतकी जुनी आहे. टिळकांच्या हातून सुमारे साडेदहा अध्याय झाले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. १९३६ साली त्या निवर्तल्या, तेव्हा ग्रंथ पूर्ण होण्यास थोडेच उरले होते. अखेरचा अध्याय त्यांचा मुलगा देवदत्त याने लिहिला आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले.