दोन छावण्या, दोन राण्या

धर्मासाठीची लढाई म्हटली की डोळ्यांसमोर घोडे आणि तलवारी येतात. त्या वेळी बायका काय करत होत्या? आज आम्ही तेच सांगणार आहोत.

आधी थोडं मागचं. जेरुसलेम हे शहर ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पवित्र. १०९५ साली पोप दुसरे अर्बन यांनी युरोपातल्या ख्रिस्ती लोकांना हाक दिली, की ते शहर मुसलमानांकडून घ्या. निघालेले लोक कपड्यांवर कापडाचा क्रूस शिवत, म्हणून या लढायांना क्रूसेड म्हणतात. १०९९ मध्ये त्यांनी शहर घेतलं आणि आतल्या मुसलमान व ज्यू लोकांची कत्तल केली. ११८७ मध्ये सुलतान सलाहुद्दीनने ते परत जिंकलं. असं सुमारे दोनशे वर्षं चाललं.

१२४९ च्या जूनमध्ये फ्रान्सचा राजा नववा लुई इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला. इजिप्त नमलं की जेरुसलेम मिळेल, हा त्याचा हिशोब. नाईल नदीच्या मुखाजवळचं दमिएत्ता शहर त्याने घेतलं. राणी मार्गारेटला तिथे ठेवून तो फौजेसह पुढे गेला.

त्याच नोव्हेंबरात इजिप्तचा सुलतान वारला. बातमी फुटली असती तर फौज पांगली असती. त्याची बेगम शजर अद्-दुर एकेकाळची दासी होती. मोजक्या विश्वासू माणसांना हाताशी धरून तिने मृत्यू लपवला. सुलतान आजारी आहेत, असं सांगितलं. हुकूम त्याच्याच नावाने निघत राहिले. सुलतानाचा मुलगा लांबून येईपर्यंत तिने कारभार ओढला.

१२५० च्या एप्रिलमध्ये रोगराई आणि उपासमारीने लुईची फौज खचली. राजा कैद झाला. ही बातमी कळल्यावर तीनच दिवसांत मार्गारेट बाळंत झाली. तेवढ्यात समजलं, की शहरातले इटलीचे लोक अन्न नाही म्हणून निघालेत. ते गेले तर शहर जाणार, आणि नवऱ्याला सोडवायला हाती काहीच उरणार नाही. ओल्या बाळंतिणीने त्यांना खाटेजवळ बोलावलं. शहरातलं धान्य विकत घेऊन खायला घालीन, असा शब्द दिला. ते थांबले. खंडणीची बोलणी झाली तेव्हा राजानेही सांगितलं, की पैशाचं राणीला विचारावं लागेल. राजाचा सोबती ज्वाँव्हिल याने हे लिहून ठेवलंय.

इकडे नव्या सुलतानाला त्याच्याच सैनिकांनी मारलं आणि मे महिन्यात शजर अद्-दुर स्वतः गादीवर बसली. तिच्या नावाची नाणी निघाली. दमिएत्ता परत देऊन राजा सुटला, बाकीच्या कैद्यांसाठी मोठी खंडणी ठरली. पण बाईचं राज्य बगदादच्या खलिफाला पटलं नाही. तीन महिन्यांच्या आत तिला गादी सोडावी लागली.

दोघींचे धर्म वेगळे, बाजू वेगळ्या. पण दोघींपुढे प्रश्न एकच होता: कर्ता माणूस जागेवर नाही, आता माणसं धरून कशी ठेवायची? मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी वेळ कुणी निभावली? येत्या बैठकीत तिचं नाव जरूर घ्या.