मदतीसाठी नाटक कसे बसवतात?

नाटक सर्वांना आवडते. जत्रेत नाटक असले की आपण पुढे जागा धरून बसतो. पण काही नाटके कुणाला तरी मदत करण्यासाठी असतात. तिकिटाचे पैसे त्या मदतीला जातात. असे नाटक शाळेतली मुलेसुद्धा बसवू शकतात. ते कसे बसवतात, हे मी या लेखात सांगणार आहे.

आधी एक खरी गोष्ट ऐका. ती आम्हाला गुरुजींनी सांगितली. केशवराव भोसले हे कोल्हापूरचे मोठे गायक नट. त्यांचा जन्म १८९० साली झाला. अगदी लहानपणापासून ते नाटकात काम करत. १९०८ साली त्यांनी ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली. तेव्हा ते फक्त सतरा वर्षांचे होते! पुढे १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी पैसे जमा करायचे होते. तो फंड स्वातंत्र्याच्या कामासाठी होता. बालगंधर्वांची नाटक कंपनी वेगळी होती. तरी दोघांनी मिळून मुंबईत ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर झाले. ही झाली मोठ्यांची गोष्ट.

आता लहानांची गोष्ट. आमच्या गावच्या हायस्कुलातल्या नववीच्या एका ताईने यंदा नाटक बसवले. पावसाळ्यात वस्तीवरची काही मुले छत्री नाही म्हणून घरी राहतात. आली तर त्यांच्या वह्या भिजतात. मग अभ्यास मागे पडतो. म्हणून छत्र्या आणि वह्यांसाठी नाटक करायचे ठरले.

ताई दिग्दर्शक होती. दिग्दर्शक म्हणजे नाटक बसवणारा. तो स्वतः पडद्यापुढे दिसत नाही, पण त्याला काम फार असते. कोणाला कोणते काम द्यायचे हे तो ठरवतो. कोण कुठून येणार, कुठे उभे राहणार हे तो सांगतो. रोज तालीम घेतो. ताई तालमीला शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, “आवाज इथपर्यंत आला पायजे!” कोणी भाषण विसरले तर आतून हळूच सांगायला एक मुलगा वही घेऊन बसवला होता. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. पडदा ओढायला दोघे होते. लहान मुलांनाही तिने काम दिले. कोणी झाड झाले, कोणी शिपाई झाले.

मदतीच्या नाटकात दिग्दर्शकाला आणखी एक काम असते. ते म्हणजे खर्च कमी ठेवणे. हे आपल्या वजाबाकीसारखे आहे. समजा १०० माणसे आली आणि तिकीट २० रुपये आहे. म्हणजे २००० रुपये जमले. खर्च १५०० रुपये झाला तर मदतीला ५०० च उरतात. खर्च ३०० झाला तर १७०० उरतात. माणसे तेवढीच, पण मदत तिप्पटीहून जास्त!

म्हणून ताईने ड्रेपरीवाल्याकडून राजाचे कपडे भाड्याने आणले नाहीत. पुठ्ठ्याला चमकीचा कागद लावून मुकुट केला. शेला आजीच्या जरीच्या लुगड्याचा केला. दाढी कापसाची लावली. पडद्याला दोन चादरी जोडल्या. देवळापुढचा कट्टा हाच रंगमंच. राजाची दाढी मधेच सुटली, तेव्हा लोक पोट धरून हसले. पण राजाने ती हाताने धरून भाषण पुरे केले. खर्चाचा कागद दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्याशेजारी लावला. ज्यांनी पैसे दिले त्यांना हिशेब दिसला पाहिजे, असे ताई म्हणाली.

कोणी विचारेल, एवढे कष्ट कशाला? सरळ वर्गणी का नाही काढायची? मीही ताईला हेच विचारले. ती म्हणाली, “वर्गणी काढली की लोक विचारतात, कुणासाठी? मग त्या पोराचं नाव घ्यावं लागतं. सगळी त्याच्याकडं बघत बसतात. नाटकाला लोक नाटक बघायला येतात.” तिने नाटकाआधी कुणाचेच नाव सांगितले नाही. छत्र्या आणि वह्या मुख्याध्यापकांकडे दिल्या. त्यांनी त्या मुलांना एकेकट्याला बोलावून दिल्या. ज्यांना मदत मिळाली त्यांतली काही मुले नाटकातही होती. त्यांनी पाठांतर केले, तालमी केल्या, टाळ्या मिळवल्या. कुणापुढे हात पसरला नाही. ती मुले कोणती, हे मी इथे लिहिणार नाही.

तर मित्र-मैत्रिणींनो, मदतीचे नाटक बसवायचे तर चार गोष्टी लागतात. सर्वांना काम, रोज तालीम, थोडा खर्च आणि उघडा हिशेब. पाचवी गोष्ट म्हणजे मदत घेणाऱ्याचे नाव झाकून ठेवणे. ही पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती प्रेक्षकांनाही पाळावी लागते. पालकहो, नाटक बघायला जरूर या. तिकीट काढा, पोट भरून हसा. पण घरी जाताना “कुणासाठी होतं रं?” असे मात्र विचारू नका.

— इयत्ता ४ थी