गुप्तरोग : किती गुप्त?

विषय बघून पान उलटायच्या बेतात असाल तर एक मिनिट थांबा. ह्या अंकात चारोळ्याही आहेत आणि गॅदरिंगचे फोटोही आहेत. ते कुठे पळून जात नाहीत. आणि रेक्टर सर, मॅडम, तुम्हीही वाचा. लेख तुमच्यासाठीसुद्धा आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. सायन्सच्या पुस्तकातला 'तो' धडा आमच्याकडे "घरी वाचून या" एवढ्यावर आटोपला होता. त्यामुळे लिहायला बसले तर मराठी शब्दच सापडेनात. डॉक्टर 'एसटीआय' म्हणतात, सरकारी पत्रकात 'लैंगिक आजार' असतं, आणि लोकलच्या रुळांशेजारच्या भिंतींवर मोठ्या अक्षरात 'गुप्तरोग'. मला हा शेवटचा शब्दच बरा वाटला. कारण हे आजार खरंच गुप्त असतात, फक्त लोक समजतात त्या अर्थाने नाही. लाजेपोटी आपण ते लपवतो हे झालंच, पण त्याआधी आजार स्वतःच लपलेला असतो. ज्याला झालाय त्यालाही पत्ता नसतो.

आधी आकडे, इंजिनिअरिंगवाल्यांना त्याशिवाय चैन पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० ह्या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये ३७ कोटी ४० लाख नवीन लागणी झाल्या. त्याही फक्त चार आजारांच्या: क्लॅमिडिया, गनोरिया (परमा), सिफिलिस (गरमी) आणि ट्रायकोमोनिआसिस. हे चारही औषधांनी पूर्ण बरे होणारे आहेत. कॅल्क्युलेटर काढा. दिवसाला दहा लाखांवर झाले. एका तासाच्या लेक्चरमध्ये आपण शेवटच्या बाकावर डुलक्या काढतो, तेवढ्यात बेचाळीस हजारांच्या वर. एचआयव्ही, नागीणसारखे फोड आणणारा हर्पीस, हिपॅटायटिस-बी आणि एचपीव्ही हे चार विषाणू यात धरलेलेच नाहीत.

तरुणांमध्ये प्रमाण किती, हे अमेरिकेने बरंच खोलात जाऊन मोजलंय. तिथल्या सीडीसी ह्या सरकारी संस्थेचा २०१८ सालचा हिशोब असा, की कुठल्याही एका दिवशी पाहिलं तर दर पाच माणसांमागे एकाला यातला कुठला तरी संसर्ग होता. एकूण संसर्ग सुमारे ६ कोटी ८० लाख. त्या वर्षातल्या नवीन लागणी २ कोटी ६० लाख, आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या १५ ते २४ वयातल्या मुलामुलींच्या. म्हणजे आपलंच वय!

इथे दोन आकड्यांत गल्लत होते, म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. नवीन लागणी म्हणजे वरून पडणारी धार, आणि एकूण संसर्ग म्हणजे टाकीतली पातळी. पातळी किती राहणार हे फक्त धारेवर ठरत नाही, खालचा नळ किती उघडा आहे त्यावरही ठरतं. एचपीव्ही बहुतेकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. हर्पीस एकदा आला की जन्मभर शरीरात राहतो, जरी तो फारसा त्रास देईलच असं नाही. क्लॅमिडिया मात्र अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी जातो. गोळ्या घ्यायच्या तर आजार आहे हे कळायला हवं. ते कळतच नाही, म्हणून नळ बंद आणि टाकी भरलेली.

घाबरवायचा उद्देश नाही, म्हणून हेही सांगते की त्या ६ कोटी ८० लाखांपैकी सव्वाचार कोटींच्या आसपास एकटा एचपीव्ही होता. 'पाचात एक' ऐकून छातीत धस्स होतं, पण त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही होणार नसतं. मात्र एचपीव्हीचे काही प्रकार वर्षानुवर्षं टिकून बसतात आणि त्यातून गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो. त्याच्या सुमारे ७० टक्के केसेसमागे १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार असतात.

मग तरुणांमध्येच जास्त का? "आजकालची पिढी" हे उत्तर मला सपशेल नामंजूर आहे. एक कारण शरीराचंच आहे. कमी वयात गर्भाशयाच्या मुखावरचा नाजूक पेशींचा थर बराच उघडा असतो, तिथे जंतू पटकन घर करतात. दुसरं कारण म्हणजे ह्या वयात डॉक्टरकडे जायला पैसे घरून मागावे लागतात, आणि मागताना कारण सांगावं लागतं. तिसरं म्हणजे "काही त्रास नाही ना, मग काही नाही" हा आपला ठाम समज. क्लॅमिडियात निदान ७० टक्के बायकांना आणि साधारण निम्म्या पुरुषांना काहीच लक्षण दिसत नाही. आग नाही, खाज नाही, पू नाही. कंपाईल होताना एकही एरर न दाखवणारा बग म्हणा हवं तर. तो आत आत सरकत गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि पुढे मूल होत नाही तेव्हा तपासण्या सुरू होतात.

हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे कुठे, असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीला जावं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही निघालं, आणि त्यातला साधारण निम्मा भाग जंतुसंसर्गाचा होता. सगळे लैंगिक संबंधातूनच आलेले नव्हते, हे नीट लक्षात घ्या. पण माझं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर अडकलं. त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. बाकीच्या अंगावर काढत होत्या. कोणी तपासलंच नाही तर आकडा शून्यच दिसणार ना?

आपल्या सरकारी व्यवस्थेतही ही अडचण थोडी आहेच. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे लक्षणं बघून रंगीत किट देतात. लघवीच्या जागेतून पू येत असेल तर करडं, अंगावरून पांढरं जात असेल तर हिरवं, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. कल्पना झकास आहे. खेड्यातही लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता पहिल्याच भेटीत उपचार मिळतात. पण लक्षणच नसेल तर कुठल्या रंगाचं किट देणार? म्हणून ज्यांचा संबंध आलेला आहे त्यांनी त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. मात्र एचआयव्हीच्या साध्या अँटिबॉडी टेस्टला संबंधानंतर तीन महिने जाऊ द्यावे लागतात. दुसऱ्याच दिवशी काढलेला 'निगेटिव्ह' रिपोर्ट काही सांगत नाही.

आता खास हॉस्टेलसाठी. जांघेत खाज आणि गोल चट्टा आला की मुलं हादरतात. बहुतेक वेळा तो नायटा असतो, म्हणजे बुरशी. ओली जीन्स घालून हिंडल्याचं आणि रूममेटचा टॉवेल वापरल्याचं फळ. मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइड मिसळलेली क्रीम आणून चोपडली तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. स्वप्नदोष हा तर आजारच नाही. त्यावर 'गॅरंटीने इलाज' करणाऱ्या भिंतींवरच्या वैद्यांचं दुकान आपल्या भीतीवर चालतं. टॉयलेटची सीट, मेसचं ताट यातून हे लैंगिक रोग होत नाहीत. आणि खरं दाखवायचंच असेल तर साध्या स्किनच्या डॉक्टरकडे जा. त्यांच्या एमडीच्या अभ्यासात त्वचारोग आणि गुप्तरोग एकत्रच असतात, आणि वेटिंग रूममध्ये बाकी सगळे पिंपल्सवालेच दिसतात! १०९७ हा फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. कंडोमने एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांचा धोका खूपच कमी होतो. एचपीव्ही आणि हर्पीस कातडीच्या स्पर्शानेही पसरतात, त्यामुळे तिथे थोडा कमी उपयोग, पण उपयोग आहेच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) एचआयव्हीबद्दल पुरेशी नीट माहिती असलेले पुरुष ३१ टक्के आणि स्त्रिया २२ टक्के निघाल्या. २००७ साली महाराष्ट्रात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ होऊन कार्यक्रमच बंद पडला होता. त्याच महाराष्ट्रात १९२१ साली र. धों. कर्वे नावाच्या गणिताच्या प्रोफेसरने मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. गणिताचा माणूस, लक्षात घ्या.

स्टाफसाठी एक मुद्दा कायद्याचा. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी किंवा शिक्षण देण्यासाठी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. प्लेसमेंटला आलेल्या कंपनीलासुद्धा नाही. लागण झाली म्हणून कोणाला राहत्या जागेतून काढता येत नाही, आणि कोणाचा रिपोर्ट त्याच्या संमतीशिवाय चारचौघांत सांगता येत नाही.

आणि लस. हिपॅटायटिस-बीची लहानपणी दिली होती का, ते आईला फोन करून विचारा, कार्ड सापडेल. एचपीव्हीची लस आता आपल्या पुण्यातल्या सिरम इन्स्टिट्यूटचीच आहे, नाव 'सर्व्हावॅक', जानेवारी २०२३ मध्ये आली. ९ ते २६ वयापर्यंत घेता येते, मुलांनाही चालते. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस पुरतात. आपल्याला मात्र तीन घ्यावे लागतील: पहिला, मग दोन महिन्यांनी आणि सहाव्या महिन्यात. म्हणजे साधारण एका सेमिस्टरमध्ये काम होतं.