टुंड्रा आणि रस्त्याची धूळ

उत्तर ध्रुवाकडील वृक्षहीन, विस्तीर्ण प्रदेशास टुंड्रा म्हणतात. तेथील भूमि खालीं बारमास गोठलेली असते. उन्हाळ्यांत वरचा हातभर थर काय तो विरघळतो, आणि तेवढ्यावरच शेवाळें, दगडफुलें व खुरटीं झुडपें आपला निर्वाह करितात.

अलास्कांत १९७४ सालीं युकॉन नदीपासून उत्तरेच्या तेलक्षेत्रापर्यंत सुमारें ५८० किलोमीटरांचा खडीचा रस्ता अवघ्या पांच महिन्यांत तयार झाला. आज तो डाल्टन महामार्गाचा भाग आहे. रस्त्याखालीं जी जमीन गेली तेवढीच हानि झाली, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु खरा उपद्रव धुळीचा आहे. मालमोटारींमागें उडालेली धूळ बर्फावर बसली कीं तो अधिक उष्णता शोषतो व रस्त्यालगत लौकर वितळतो. धुळींत चुन्याचा अंश असेल तर जमिनीचा आम्लपणा घटतो. आणि ज्यास आम्ल जमीनच मानवते, तें स्फॅग्नम शेवाळ आधीं नाहींसें होतें.

हें शेवाळ म्हणजे गोठलेल्या भूमीवरील गोधडीच होय. ती विरली कीं ऊब खोल उतरते, आंतील बर्फ वितळून जमीन खचते, आणि खळग्यांत पाणी सांचतें. तें पाणी पुन्हां उष्णता धरून ठेवितें.

पाणी शिंपडून किंवा कॅल्शियम क्लोराइड घालून धूळ कांहींशी दाबतां येते. परंतु खचलेली भूमि पूर्ववत् करण्याचा सोपा उपाय नाहीं. म्हणून तेथें रस्त्याची रुंदी मोजतांना धूळ जेथवर पोहोंचते तेथवरची जमीनहि हिशेबांत धरिली पाहिजे.