चेंडू वर फेकला, पण उणे चिन्ह कुठे टाकायचं?



नववीत गतीची समीकरणे आणि दहावीत गुरुत्वाकर्षण शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो, "सर, जी उणे कधी घ्यायचा?" आपण घाईत सांगून टाकतो, "वर जाताना उणे, खाली येताना अधिक." मुलं घोकतात आणि सोप्या उदाहरणांत गुणही मिळतात. पण पुढचं उदाहरण देऊन बघा.

१५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून एक चेंडू १० मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? (गुरुत्व त्वरण १० मी/से² घ्या, हवेचा विरोध सोडून द्या.)

आपलं समीकरण असं:
विस्थापन = सुरुवातीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळ²

काळाला 'क' म्हणू. बरीच मुलं लिहितात: १५ = १०क − ५क². म्हणजे क² − २क + ३ = ०. याचा विवेचक ४ − १२ = −८, म्हणजे वास्तव उत्तरच नाही! चेंडू तर पडतोच, मग चुकलं कुठे? गणित बरोबर आहे, चुकलं ते चिन्ह. १५ ही गच्चीची उंची आहे, चेंडूचं विस्थापन नव्हे. चेंडू शेवटी हातापासून १५ मीटर खाली आला, म्हणून विस्थापन −१५. मुलांनी जे समीकरण मांडलं, ते "चेंडू हाताच्या वर १५ मीटरवर कधी पोहोचेल?" असं विचारतं. या वेगाने तो फक्त ५ मीटर वर जातो, म्हणून उत्तर आलं नाही. समीकरण खरंच बोललं!

म्हणून मी आता फळ्यावर आधी एक उभा बाण काढून घेतो. वरची दिशा धन. मग प्रत्येक राशीला एकच प्रश्न विचारायचा, "तुझी दिशा कोणती?"

- सुरुवातीचा वेग वर: +१०
- विस्थापन खाली: −१५
- त्वरण नेहमी खाली: −१०, चेंडू वर जात असो वा खाली येत असो

आता −१५ = १०क − ५क², म्हणजे क² − २क − ३ = ०, म्हणजेच (क − ३)(क + १) = ०. उत्तर ३ सेकंद. अंतिम वेग १० − १० × ३ = −२० मी/से. इथलं उणे चिन्ह सांगतं की चेंडू खाली येतोय.

पडताळा तुकडे पाडून घ्या. वर जायला १ सेकंद, चढाई ५ मीटर. तिथून जमीन २० मीटर खाली, पडायला २ सेकंद. एकूण ३. जुळलं!

एखादं चौकस मूल विचारेल, "मग −१ चं काय?" त्याला गप्प बसवू नका. समजा हाच चेंडू आपण फेकण्याच्या १ सेकंद आधी जमिनीवरून २० मी/से वेगाने वर निघाला असता, तर तो गच्चीपाशी नेमका १० मी/से वेगानेच आला असता. −१ चा अर्थ तोच. या उदाहरणात ते उत्तर लागू नाही, पण निरर्थकही नाही.

आणखी एक घट्ट बसलेला गैरसमज म्हणजे, "सगळ्यात वर चेंडू थांबतो, म्हणून तिथे त्वरण शून्य." मुलांना उलट विचारा, "वेगही शून्य आणि त्वरणही शून्य, तर चेंडू खाली का येईल?" तो तिथेच लटकून राहिला असता! वेग क्षणभर शून्य होतो, पृथ्वीची ओढ मात्र क्षणभरही सुटत नाही.

पालकांनो, घरी एक गंमत करा. ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरा. मुलाची बोटं खाली शून्याच्या खुणेपाशी, पण पट्टीला न लावता. न सांगता पट्टी सोडा. त्याने २० सेंटिमीटरवर पकडली तर? ०.२ = ५क², म्हणजे क = ०.२ सेकंद. हा त्याचा प्रतिक्रिया काळ झाला. मग स्वतःचाही मोजा. मूल जिंकलं की पुढचं समीकरण ते आपणहून मांडेल.

तेव्हा सूत्र पाठ करून घेण्याआधी वहीत बाण काढायला लावा. चिन्हं आपोआप जागेवर बसतील.